पेटीचा नाद

कोल्हापुरात 'नाद' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो. "पोराला नाद लागलाय" असं म्हटलं की ऐकणारा आधी काळजीनं विचारतो, "कसला?" कुस्तीचा, फुटबॉलचा, गेला बाजार कबुतरांचा, असं उत्तर आलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. मला आहे पेटीचा. म्हणजे हार्मोनियमचा. नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत, दिवसभर कानावर आदळणार ते लोखंड, आणि रविवारी सकाळी मी पेटी स्कूटरवर बांधून मंगळवार पेठेतल्या एका माडीवर जातो. वीसेक वर्षं जातोय. बायको म्हणते, एवढ्या वर्षांत एखादी डिग्री तरी झाली असती.

त्या माडीवर आम्ही आठ-दहा जण जमतो. गवई त्यात एकही नाही. एक बँकेतून निवृत्त झालेले, एकांचं औषधाचं दुकान, एक गुजरीतले सराफ, एक-दोन कॉलेजची मुलं. ज्याला जे येतं ते त्यानं अर्धा तास म्हणायचं किंवा वाजवायचं, मग चहा, मग भांडण. खरं सांगायचं तर पुष्कळ जण चहानंतरच्या कार्यक्रमासाठीच येतात. अमक्यांचा मारवा खरा की तमक्यांचा, केसरबाईंचा आवाज मोठा की मोगूबाईंची लय पक्की, यावर दुपारचा एक वाजतो आणि घरून फोन यायला लागतात. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी ज्या गावात राहिले, गायन समाज देवल क्लब १८८३ पासून ज्या गावात आहे, त्या गावाला एवढं भांडायचा हक्क आहे असं आम्ही समजतो. :)

या मंडळींत एक मास्तर आहेत. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. गळा बेताचाच, पण तंबोरा लावावा तर त्यांनीच. मिरजेचा जुना तंबोरा, स्वतःच्या हातानं शिवलेली गवसणी. तारेखाली जव्हारीचा दोरा ते असा सरकवतात की मधेच एका क्षणी सगळा तुंबा बोलायला लागतो आणि माडीवरची माणसं आपोआप गप्प होतात. आणि मास्तरांना पेटी सहन होत नाही. मी भाता उघडला की, "आलं का खोकं?" हे ठरलेलं. माझं उत्तरही ठरलेलं, "आलं. सरका जरा."

मास्तरांचं म्हणणं मला पाठ आहे. पेटीत मींड नाही. सुरावरून सुरावर जायचं तर उडी मारावी लागते, जिन्यावरून उतरल्यासारखं, आणि आपलं गाणं तर उतारावरून पाणी जावं तसं जाणारं. हे झालं एक. दुसरं म्हणजे पेटीचे सूरच खोटे. कारण तिच्यात सप्तकाचे बारा सारखे तुकडे पाडलेले असतात आणि गळा काही असा सारखे तुकडे पाडून गात नाही. यावर माझं म्हणणं असं की गोविंदराव टेंब्यांच्या गावात बसून पेटीला खोकं म्हणणं हा कृतघ्नपणा आहे. गोविंदराव जन्मले इथे जवळच, सांगवड्याला, १८८१ साली. पेटी कुणापुढे बसून शिकले नाहीत, ऐकून ऐकून वाजवली आणि भास्करबुवांसारख्या गवयाला साथ केली. १९११ च्या 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, 'अयोध्येचा राजा'चं संगीत त्यांचं. आणि ज्यांच्या गायकीत पेटी बसत नाही असं मास्तर सांगतात, त्या अल्लादिया खाँसाहेबांचं मराठीत चरित्र लिहिलं ते याच पेटीवाल्यानं! हा माझा हुकमाचा पत्ता. तो पडला की मास्तर मान हलवून म्हणायचे, "गोविंदरावांची बोटं तुला दे म्हणावं, मग बोल."

हा वाद आमच्या माडीवर जन्मलेला नाही, हे सांगायला हवं. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं. रवींद्रनाथांना ती नको होती. नेहरूंनाही आवडत नसे. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे तीस वर्षं देशातल्या सगळ्या मैफलींत पेटी वाजत होती आणि रेडिओवर मात्र तिनं यायचं नाही. मास्तर तरुणपणी सांगली केंद्र लावून बसायचे. त्यांचे कान सारंगीवर पोसले, माझे भीमसेनांच्या मागे बसलेल्या आप्पा जळगावकरांच्या पेटीवर. दोघांनाही वाटणार की आपल्या लहानपणी जे ऐकलं तेच गाणं. वीस वर्षं हे चाललं आणि त्यात कुणाचंच काही बिघडलं नाही.

बिघडलं ते मी मोबाईल काढला तेव्हा.

पाच-सहा वर्षं झाली असतील. फाउंड्रीतल्या एका पोरानं मला मोबाईलवर सूर मोजायचं अ‍ॅप घालून दिलं होतं. सूर बरोबर असला की काटा मध्ये येतो आणि हिरवा होतो. घरी पेटीची एकेक पट्टी दाबून बघितली. सगळं हिरवंगार. रविवारी चहा झाल्यावर मास्तर म्हणाले, "आज तुझा गांधार लईच टोचत होता." मी याचीच वाट बघत होतो. मोबाईल काढला, गांधार दाबला, सगळ्यांना काटा दाखवला. "बघा की मास्तर, हिरवा आहे."

मास्तरांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "ह्यो मोबाईल कुणाकडं शिकला?"

माडी हसली. सराफ तर इतके हसले की त्यांचा चहा सांडला. आता याच्यावर मीही हसायला पाहिजे होतं. पण मला झोंबलं. आठवडाभर मनात जपलेला पुरावा एका वाक्यात गेला. मी म्हणालो, "मास्तर, तुम्हाला आता ऐकू तरी येतं का? चार हाका मारल्या तर एकीला ओ देता, आणि गांधार टोचतो म्हणे."

ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मागच्या काही महिन्यांत दोन-दोनदा विचारायला लागले होते, भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर द्यायचे आणि आम्ही ते संभाळून घ्यायचो. पण कुणी बोललं नव्हतं. मी बोललो, तेही मुद्दाम मोठ्यानं, ऐकू जावं म्हणून.

मास्तरांनी काही उत्तर दिलं नाही. तंबोऱ्याच्या तारा जरा उतरवल्या, गवसणी चढवली, गाठ मारली. ती गाठ मारायला त्यांना बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? दोघातिघांनी मला बाजूला घेऊन पाठ थोपटली. "बरं केलंस. लई बोलत होते. चितपट केलंस एकदम." आमच्या गावाला निकाली कुस्ती आवडते. १९१२ साली खासबागेचं मैदान झालं, त्याच्या आधीपासून आवडते. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीवर आमची माणसं चडफडत घरी जातात. पण चितपट करण्यासाठी निदान समोरच्याची पाठ मातीला लावावी लागते. मी मास्तरांच्या गांधारावरच्या म्हणण्याला हातसुद्धा लावला नव्हता. मी त्यांच्या कानाला लावला होता.

शिवाय बैठक एकदम छान चालायला लागली. कुणी टोकत नव्हतं. मी वाजवलं की "वा, वा", दुसऱ्यानं गायलं की "वा, वा". साडेबारालाच सगळे उठायला लागले. तंबोऱ्याच्या जागी एकानं इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणून ठेवला, तो काही दोरा सरकवावा लागत नसल्यामुळे सोयीचाच. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की मी घरी रियाजच केलेला नाही. कुणासाठी करायचा? चुकलो तर कळणार कुणाला? (असो. हा काही मोठेपणा नाही. मास्तरांची आठवण आली ती अशी स्वार्थीपणानंच आली.)

सहा-सात आठवड्यांनी एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. रंकाळ्याच्या पलीकडे, फुलेवाडीच्या बाजूला त्यांचं बैठं घर आहे. काकूंनी दार उघडलं. मास्तर परसात होते. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "यंत्र घेतलंय दिवाळीपासनं. पण घालत नाहीत. म्हणतात, त्यातनं तंबोरा पत्र्याच्या डब्यागत वाजतोय." दिवाळी म्हणजे मी बोललो त्याच्या तीन महिने आधी. म्हणजे डॉक्टरकडे जाऊन, तपासण्या करून, यंत्र घेऊन, ते घालून तंबोरा ऐकून, पुन्हा काढून ठेवून मास्तर आमच्यात येऊन बसत होते. कुणाला न सांगता.

मास्तर आले. मी खाली बघून जे बोलायचं ते बोललो. मोठ्यानं बोलावं लागलं, त्यामुळे माफीसुद्धा भांडल्यासारखी ऐकू येत होती. त्यांनी ऐकून घेतलं. "बरं बरं" नाही, "जाऊ दे" नाही, काहीच नाही. मग म्हणाले, "पेटी आणलीस?"

"नाही."

"मग आलास कशाला?"

परत घरी. पेटी स्कूटरवर बांधली, पुन्हा फुलेवाडी. तोवर त्यांनी तंबोरा लावून ठेवला होता, माझ्या काळी एकच्या षड्जात. म्हणाले, आता फक्त षड्ज धर. धरला. पेटी आणि तंबोरा एक झाले. पंचम धर. तोही झाला. आता गांधार धर, आणि बोट उचलू नकोस. सूर धरून ठेव आणि ऐक, हलतोय का बघ.

हलत होता. खर्जाची तार छेडली की तिच्या आतून एक बारीक गांधार आपोआप येतो. तंबोरा ऐकणाऱ्यांना हे माहीत असतं, मलाही होतं, पण ऐकणं आणि माहीत असणं वेगळं. तो आतला गांधार आणि माझ्या पेटीचा गांधार एकत्र वाजले की हवेत एक हेलकावा उठत होता, वूं-वूं-वूं. सेकंदाला दोन-अडीच. षड्ज २४० धरला तर तारेतून येणारा गांधार ३००, आणि बारा सारख्या तुकड्यांचा ३०२.४. मधला जो फरक, तो हेलकावा. पंचमात हे होत नाही, कारण तिथे ३६० च्या जागी ३५९.६, फरक जवळजवळ नाहीच. आणि धैवतात सगळ्यात जास्त, ४०० च्या जागी ४०३.६. हे आकडे मी नंतर घरी मांडले. त्या संध्याकाळी मास्तर नुसता हात हलवून दाखवत होते, वर-खाली, वर-खाली. आणि त्यांचा हात हेलकाव्याबरोबर तंतोतंत चालत होता.

म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. माझ्या भाचीला कानांतलं कळतं, तिला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, वयानं कान जातो तो आधी वरच्या टिपेचा. 'स', 'श', 'त', 'क' हे धूसर होतात, म्हणून बोललेलं समजत नाही आणि माणूस भलतंच उत्तर देतो. खालचे सूर पुष्कळ दिवस शाबूत राहू शकतात. "मामा, त्यांना तुझं बोलणं कळत नसेल, पण तुझी पेटी चांगली कळत असणार." मी नुसता उद्धट बोललो नव्हतो, चुकीचंही बोललो होतो. आणि अ‍ॅपचं म्हणाल तर ते बारा सारख्या तुकड्यांनीच मोजतं. पेटीही त्याच मापाची. शिंप्याच्या टेपानं तोच टेप मोजावा, तसा तो हिरवा काटा.

त्यानंतर मी आठवड्यातून एकदा संध्याकाळी तिकडे जायला लागलो. तिथंच मास्तरांनी मला देवलांची गोष्ट सांगितली. (आमचा देवल क्लब वेगळा, हे देवल वेगळे.) कृष्णाजी बल्लाळ देवल, पेशानं डेप्युटी कलेक्टर. श्रुती म्हणजे नेमक्या किती आणि कुठे, याचा त्यांना ध्यास. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यांना गाऊन मदत केली, आणि १९१० साली देवलांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. त्यांना साथ कुणाची, तर क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज जिल्हा न्यायाधीशाची. दोघांनी मिळून बावीस श्रुतींची पेटी बनवून घ्यायचा घाट घातला. आणि विरोधात कोण, तर भातखंडे. ते वकील! १९१६ साली बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली पहिली संगीत परिषद झाली, तिथे हा श्रुतींचा वाद पोचला. भातखंड्यांचं म्हणणं असं की आजचं गाणं बारा सुरांवर नीट समजावता येतं, जुन्या ग्रंथांतल्या श्रुती आजच्या रागांवर बसवू नका. कलेक्टर, जज्ज आणि वकील. तिघांचंही पोट गाण्यावर नव्हतं. "तुमच्यासारखेच रिकामटेकडे," काकू चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

मला विचाराल तर त्या वादात कुणी फार गोड बोललेलं नाही. भातखंड्यांची लेखणी मऊ नव्हतीच. पण त्यांनी 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' लिहिली ती मराठीत, आणि गुरू-शिष्याच्या संवादात. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, शिष्याचं समाधान झालं नाही तर तो परत विचारतो. हजारो पानं असं चाललंय. मी पहिला भाग मास्तरांकडून आणला आहे. वाचून अजून संपलेला नाही, पण शिष्याची बाजू मला जास्त आवडते.

तर, पेटी. मास्तरांचं म्हणणं हातानं कळल्यावर गप्प बसवेना. मिरजेला एका कारागिराकडे पेटी घेऊन गेलो आणि काळी एकच्या षड्जाला 'गांधार ट्यूनिंग' करून घेतलं. पेटीवाल्यांना हा शब्द माहीत असेल. पितळी सुराची जीभ बुडाशी खरवडली की सूर उतरतो, टोकाशी खरवडली की चढतो. आयुष्यभर लोखंड घासणाऱ्या माझ्यासारख्याला ते बघताना घाम फुटला, कारण एक घास जास्त झाला की संपलं. गांधार, धैवत, निषाद उतरवून घेतले. घरी आणून तंबोऱ्याशी धरला तर हेलकावा गेला. गांधार तंबोऱ्याच्या पोटात असा जाऊन बसला की पेटी वाजतेय की नाही ते कळेना. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. अ‍ॅप म्हणत होतं, गांधार उतरलाय. लालभडक काटा.

पुढच्या रविवारी मास्तर माडीवर आले. पहिले पाच मिनिटं सगळे जरा जपून. मी भूप वाजवला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "खोकं सुधारलंय." वीस वर्षांत पहिल्यांदा!

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण त्यानंतर कॉलेजची एक मुलगी गायला बसली. तिची पट्टी काळी पाच. तिनंही भूपच घेतला, आणि मी साथीला. पहिल्या गांधारालाच तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी भाता मारायचा थांबलो. काळी एकसाठी घासलेल्या पेटीत काळी पाचचा गांधार इतका चढतो की आधीची साधी पेटी परवडली. भूपात गांधार वादी, म्हणजे सगळा संसार त्याच्यावर. बिचारी तशीच गायली, पेटीविना. आणि इथे माझा मुद्दा होता, जो मला वीस वर्षं मांडता आला नव्हता. ते बारा सारखे तुकडे कुणी मूर्खपणानं पाडलेले नाहीत. सगळ्यांचा गांधार थोडा थोडा खोटा केला, म्हणून ती एक पेटी कुणाच्याही पट्टीत, कुठल्याही मुलीच्या मागे बसू शकते. खरा गांधार एकाचाच होतो. बाकीच्यांनी काय करायचं?

मी हे मास्तरांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं. त्यांनी विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाले, "तिच्यासाठी दुसरी पेटी घे."

"आणि काळी चारवालीसाठी तिसरी?"

"मग सारंगी शिक."

ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली आहे, म्हणजे देवलांचं स्वप्न शंभर वर्षांनी कुणीतरी पुन्हा हातात घेतलं. मी मास्तरांना सांगितलं, त्यांनी कुतूहलानं ऐकलं आणि विचारलं, "मींड निघते का?" नाही. "मग खोकंच."

आता मास्तरांना माडीचा जिना चढवत नाही. म्हणून महिन्यातला एक रविवार बैठक फुलेवाडीला असते, भजी काकूंची. घासलेली पेटी मी तिथेच ठेवली आहे आणि माडीवर साधी घेऊन जातो. बोललेलं त्यांना आता फारच कमी कळतं, त्यामुळे चहानंतरची भांडणं पाटीवर होतात. नातवाची पाटी आहे. मी लिहितो, ते वाचून तोंडी उत्तर देतात, आणि माझं लिहून व्हायच्या आत पुसूनही टाकतात.

मागच्या खेपेला त्यांनी घासलेल्या पेटीच्या धैवतावर बोट ठेवलं. चढलाय म्हणाले. मी म्हणालो, शक्य नाही, पावसाळ्यात भाता दमट होतो, तो आवाज आहे. त्यांनी मान हलवली, मी पाटीवर ४०० लिहून खाली दोन रेघा मारल्या. सराफ माझ्या बाजूनं आहेत, बँकवाले मास्तरांच्या. येत्या रविवारी मी दोन्ही पेट्या घेऊन बसणार आहे, आणि मास्तर म्हणालेत, खर्जाची तार नवी घालून ठेवतो.